बाजू ब, तिसरं गाणं

सोसायटीत डिझेलचा कोटा लिहीत बसले होते.
खिडकीखाली, जेटीला लागलेल्या ट्रॉलरवर
कुणा खलाशाने मोबाइल बादलीत ठेवून लावला,
आवाज मोठा यावा म्हणून,
आणि ते गाणं आलं.

तेच. काळ्या गॉगलवाल्याचं.
कणकवलीच्या स्टँडवर पस्तीस रुपयांना घेतलेली कॅसेट,
बाजू ब, तिसरं गाणं,
ज्यात तो एका मुलीला गच्चीवर ये, गच्चीवर ये म्हणतो.
आमच्या तारामुंबरीत तेव्हा गच्चीचं घर एकच,
तेही पोलीसपाटलाचं.

गुरुनाथला हिंदी धड येत नव्हतं.
धृवपदात जिथे नुसतं ला ला ला होतं
तिथे तो मला बसवायचा:
तारली, तारली, सुकवलेली तारली,
मीठ लावून वाळत घातली,
मांजराक पण नाय आवडली.
तालात. जाळं विणायच्या सुईने डब्यावर ठेका धरून.
शाळेच्या वाटेवर. रापणीच्या गर्दीत.
कुडाळहून मला बघायला पाहुणे आले त्या दिवशीसुद्धा,
मागच्या पडवीतून, पोहे परतण्याच्या आवाजाआडून.
पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली.
मी ओठ चावून हसू दाबलं,
त्यांना वाटलं, मुलगी लाजरी आहे.

मी तरी कुठे साधी होते.
तो चिडला की गाल भरून यायचे,
जाळ्यातलं केंड काठीने डिवचल्यावर फुगतं तसे.
केंड! एवढंच म्हणायचे.
माझ्याकडे चाल नव्हती, एकच शब्द होता,
पण पुरायचा.

अशाच एका भांडणात कॅसेट दोघांनी ओढली.
रीळ बाहेर आलं, पडवीभर,
ओहोटीला खडपावर उरलेल्या शेवाळासारखं.
बाबा होडीवरून यायच्या आत
पेन्सिल घालून गुंडाळलं,
तुटलं तिथे माझं नेलपॉलिश लावलं.
त्यानंतर दुसऱ्या कडव्यात
गायक एक शब्द गिळायला लागला.
गच्चीवर ये, चांदणं आहे, गप्
आणि एकदम गिटार.
आम्ही ते तसंच पाठ केलं.
गप् सुद्धा सुरात म्हणायचो.

आज ते कडवं आलं. पेन थांबलं.
आणि तो गिळेचना.
सरळ म्हणून मोकळा झाला.
सनम.
एवढंच होतं तिथे?
सत्तावीस वर्षं मी त्या जागेत
काय काय ठेवलं होतं.

दोन वर्षं झाली, आमच्यात नुसते कागद फिरतात.
सातबारा, वारसनोंद, संमतीपत्र.
मस्कतहून मेसेज येतो: ताई, सही करून पाठवणे.
तब्येतीस जपणे.
ताई!
पाच वर्षांनी मोठी आहे मी,
पण जन्मात कधी म्हणाला नव्हता.

समोर चौदा जणांची रांग.
मी फोन तोंडाशी नेला
आणि अख्ख्या सोसायटीदेखत,
तारली, तारली, सुकवलेली तारली,
मग गच्ची, मग चांदणं,
मग गप्.
पाठवून दिलं.
रांगेतून जनार्दन मेतर म्हणाले,
बाय, बरां आसा मा तुका?

ट्रॉलर गेला. गाणंही गेलं त्याच्याबरोबर.
दोन निळ्या खुणा आल्या,
पुढे काही नाही.
जेवणाचा डबा तसाच राहिला.
वाटलं, चिडला असेल. वाटलं, मीटिंगमध्ये असेल,
चारचौघांत ऐकलं असेल त्याने
बहिणीचं हे बेसूर.

चार वाजता फोन थरथरला.
सात सेकंदांचा आवाज. मागे एसीची घरघर,
कुणीतरी अरबीत काहीतरी विचारत होतं,
आणि हा, दबक्या आवाजात, गाल भरून:
"रीळ तूच तोडलंस गो तारली. मी नाय."

खोटं. साफ खोटं.
मी कोट्याची वही मिटली
आणि उत्तर द्यायला बसले.